कान बसवून देणारे कारागीर

झिंडेलफिंगन (जर्मनी)

महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या चाकणच्या पट्ट्यात उमेदीची वर्षं पॉवर प्रेससमोर घालवलेले आणि आता टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून घरच्यांची बोलणी खाणारे जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे पत्र. मीही त्यांच्यातलाच. महाळुंग्यातल्या एका शीट मेटलच्या कारखान्यात कानात कापसाचे बोळे कोंबून शिफ्टा काढल्या आणि ऐन तिशीत कानामागे यंत्र लागलं. सध्या श्टुटगार्टजवळच्या या गावात टूलरूमचं काम करतो. चाकणचा मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आपल्याकडे आहे. त्याच कंपनीचा इथला कारखाना १९१५ सालचा. त्यामुळे पत्रा ठोकल्याचा आवाज या गावाच्या चार पिढ्यांच्या ओळखीचा आहे. कान गेल्यावर इथे पुढे काय होतं, ते आपल्यापेक्षा फार वेगळं आहे आणि तेवढंच आज सांगायचं आहे.

इथे कानाचं यंत्र देणारा माणूस कायद्याने कारागीर मानला जातो. तीन वर्षं उमेदवारी, परीक्षा आणि स्वतःचं दुकान चालवायचं तर त्यावर आणखी एक मोठी परीक्षा. उमेदवार दुकानात काम शिकतात आणि वर्गासाठी उत्तरेला ल्युबेकला जातात. जवळजवळ सगळा देश त्या एका गावात हे काम शिकतो. आयटीआय करून अप्रेंटिसशिप केलेल्यांना ही रीत लगेच समजेल. आपल्याकडेही उत्तम ऑडिओलॉजिस्ट आहेत, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून ते घडवते आहे. पण चाकणच्या माणसाच्या वाट्याला बहुतेकदा येतो तो काउंटरवरचा यंत्राचा डबा. डबा उघडायचा, कानात घालायचं, शिट्टी वाजली की काढायचं आणि कपाटात ठेवायचं.

इथला क्रम असा. कान-नाक-घसावाला डॉक्टर चिठ्ठी देतो. ती घेऊन कारागिराकडे गेलं की तो बंद खोलीत बसवून पुन्हा ऑडिओग्राम, म्हणजे कानाचा तक्ता, काढतो. मग कानाचा साचा. दोरा बांधलेला स्पंजचा बारीक तुकडा आधी खोल सरकवतो, म्हणजे साच्याचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीने गार, गुलाबी सिलिकॉन भरतो. काही मिनिटं त्या बाजूचं जग बंद. दोरा ओढला की कानाच्या आतल्या वळणांची हुबेहूब प्रतिकृती त्याच्या हातात येते आणि तो ती उजेडात फिरवून तिच्याकडे कौतुकाने बघत बसतो.

यंत्र हातात पडल्यावर काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ते घरी न्यायचं, वापरायचं, आठवड्याने परत जायचं आणि तक्रारी सांगायच्या. तक्रारी नसल्या तर तो नाराज होतो. नळाचं पाणी कढईत काही तळल्यासारखं वाजतं, असं मी म्हटलं तेव्हा त्याने खुशीत खुर्ची ओढली, संगणकावर वरच्या पट्टीतले आवाज थोडे उतरवले आणि समोर वर्तमानपत्र चुरगाळून विचारलं, आता? डाय प्रेसवर चढवल्याबरोबर चांगला जॉब निघाला, असं कधी झालंय का? शिम घाला, ट्रायल काढा, बर बघा, पुन्हा शिम घाला. कानाचंही तसंच आहे, आणि डाय सेटिंग करणारी आपली माणसं हे यंत्र मात्र एका ट्रायलमध्ये निकालात काढतात, याचं मला नवल वाटतं.

या सगळ्या खेपांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरलेले असतात. सरकारमान्य आरोग्य विमा एका कानामागे साधारण ७०० युरो देतो, आपण यंत्रामागे १० युरो भरायचे. वर पैसे न लागणारं निदान एक चांगलं यंत्र दाखवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. सहसा सहा वर्षांनी नवं मिळतं. म्हणून इथले दुकानदार संत आहेत असं समजू नका. मोबाइलला जोडणारं, दोन-दोन हजार युरोंचं यंत्र आधी पुढे येतं. बिनपैशाचं आपण विचारल्यावर.

सेल मोठ्या माणसांनी स्वतःच घ्यायचे. माझे नारिंगी स्टिकरवाले, १३ नंबरचे. स्टिकर काढल्यावर भोकांतून हवा आत जाते तेव्हा सेल जागा होतो. म्हणून मिनिटभर थांबून मगच यंत्रात घालायचा, घाई केली तर लवकर संपतो. हे मला महाळुंग्यात कोणी सांगितलं नव्हतं. इथून तासाभराच्या अंतरावरच्या एलवांगनला वार्ता कंपनी हेच सेल बनवते. पावसाळ्यात आणि घामात यंत्र खराब होतं, त्यावर सिलिका जेलची डबी हा उपाय. रात्री यंत्र तिच्यात झोपवायचं. आपल्याकडच्या जुलैत ही डबी सेलइतकीच गरजेची आहे.

आता कारखान्याचं. आवाजाने आलेला बहिरेपणा जर्मनीने १९२९ साली धातुकामातल्या कामगारांसाठी व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. ते सिद्ध झालं की यंत्र, त्याची दुरुस्ती आणि सेलसुद्धा मालकांच्या वर्गणीवर चालणारी अपघात विमा संस्था देते. ८० डेसिबलला मालकाने कानाचं संरक्षण द्यायचं, ८५ ला कामगाराने ते घालायचंच आणि ठरावीक मुदतीने कान तपासून घ्यायचे. आमच्या शॉपमध्ये प्लग विसरलेल्या माणसाला फोरमन आत येऊ देत नाही. रागावत नाही, नुसता दरवाजात उभा राहतो.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार आला. म्हणजे डॉक्टरने तो कारखाना निरीक्षकांना कळवायचा असं ठरलं. ईएसआय कायद्याच्या यादीतही तो आला. आवाजाची मर्यादा मात्र ९० डेसिबल ठेवली. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, तेव्हा ८५ आणि ९० मधलं अंतर दिसतं त्याहून मोठं आहे. शिवाय कळवणार कोण? ठेक्यावरचा पोरगा सहा महिन्यांनी दुसऱ्या गेटवर उभा असतो. त्याचा कान नेमका कुठल्या शेडमध्ये गेला हे कोणाच्याच वहीत नसतं. अपंगत्वाच्या दाखल्याचीही अडचण आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलचा ऱ्हास लागतो. प्रेसचा आवाज आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, खालचे सूर शाबूत ठेवतो. सरासरी काढली की माणूस दाखल्यात बसत नाही, आणि ‘सात’ की ‘साठ’ हे तर त्याला कळत नाही.

रोजच्या जगण्यात हा देश यंत्रवाल्याला मानवतो. धोका असल्याशिवाय गावात हॉर्न वाजवायचा नाही, रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर यंत्र बंद करून चालणाऱ्या मला इथे ते चालू ठेवून चालता येतं. फोनवर आकडे सांगताना कान शाबूत असलेले लोकही ‘दोन’च्या जर्मन शब्दाचा उच्चार मुद्दाम बदलतात, कारण तो ‘तीन’सारखा ऐकू येतो. मीटिंगमध्ये एक बोलतो तेव्हा बाकीचे गप्प बसतात. उलट, परदेशी सिनेमे बहुतेक सगळे जर्मनमध्ये डब केलेले. माझ्यासारखे ओठ बघून अर्धं समजून घेणारे तिथे पार फसतात. ओठ एक सांगतात, कान दुसरं. त्यावर टीव्हीच्या सबटायटलांचाच आधार.

एक गोष्ट मात्र इथे सलते. दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही कळलं नाही, की समोरचा हसून म्हणतो, ‘असू द्या, महत्त्वाचं नव्हतं.’ अगदी सौजन्याने म्हणतो आणि मी विनोदाच्या बाहेर राहतो. महाळुंग्यात पारावर चौघं एकदम बोलतात, यंत्राच्या दृष्टीने तो नुसता गोंधळ. पण कोणीतरी खांद्याला धरून कानात ओरडतो, ‘आरं, तुलाच म्हणतोय!’ आणि अख्खा किस्सा पहिल्यापासून सांगतो.

माझे दाजी प्रेसशॉपमधून निवृत्त झाले. परवा फोनवर म्हणाले, ‘तिकडनं एक जर्मन मशीन पाठव.’ म्हटलं, दाजी, तुमच्या कानाचा तक्ता बघितल्याशिवाय इथला कारागीर यंत्राला हातही लावणार नाही, आणि पाठवलंच तरी ते तिथे कोण जुळवणार? आधी पिंपरीला वायसीएम रुग्णालयात जाऊन ऑडिओग्राम काढा, त्याचा फोटो पाठवा. ‘त्यात काय बघायचंय? मला ऐकू येत नाही हे मीच सांगतोय की!’ असं त्यांचं म्हणणं. अखेर भाच्याला गाठलं. त्याची सेकंड शिफ्ट आहे, सकाळी नेतो म्हणालाय. त्याच खेपेत स्वतःचेही कान तपासून घे, असं त्याला बजावलंय. तोही आता प्रेसवरच आहे.