किती पाडली, किती उरली : अमेरिकी चांदीच्या डॉलरची पारख

पंचम जॉर्जची मुद्रा असलेला १९१८ चा चांदीचा रुपया महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आजही सापडतो. देव्हाऱ्यात, आजीच्या डब्यात, नाहीतर लक्ष्मीपूजनाच्या तबकात. त्या रुपयातली चांदी त्याआधी अमेरिकी डॉलर असू शकेल, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात चांदीचा मोठा तुटवडा पडला. नोट देऊन रुपया मागणाऱ्यांची रीघ लागली. सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली, तरी साठा आटतच गेला. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला आणि सरकारी तिजोऱ्यांतले २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये पडले. एका डॉलरात २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी असे, आपल्या रुपयात १०.६९ ग्रॅम. म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये.

वितळवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टाकसाळीचे डॉलर भट्टीत गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. जुन्या अमेरिकी डॉलरच्या संग्रहाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. नाणे किती पाडले याचा आकडा सरकारी कागदात मिळतो. किती उरले आणि कशा अवस्थेत उरले, हे मात्र नाणी पाहूनच शिकावे लागते. किती उरले याचे उत्तर म्हणजे दुर्मीळता, कशा अवस्थेत उरले याचे उत्तर म्हणजे ग्रेडिंग.

मॉर्गन डॉलर का?

अमेरिकेत चांदीचा डॉलर पहिल्यांदा १७९४ मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पडला. त्या वर्षी १,७५८ डॉलर बाहेर आले. त्यांपैकी एक २०१३ च्या लिलावात एक कोटी डॉलरवर गेला. असली नाणी आपल्यासारख्यांनी संग्रहालयात पाहायची. शिकायला उत्तम तो मॉर्गन डॉलर, कारण तो विपुल आहे, मोठा आहे आणि त्याच्यावर प्रत्येक प्रकारची खूण स्पष्ट दिसते.

नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणींतून चांदीचा पूर आला होता आणि खाणमालकांना तिच्यासाठी हक्काचे गिऱ्हाईक हवे होते. २८ फेब्रुवारी १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडणे भाग पडले. नाण्याचा आराखडा जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरीवकाराचा. दर्शनी बाजूला स्वातंत्र्यदेवतेचे मुख आहे. त्यासाठी फिलाडेल्फियातल्या ॲना विल्यम्स या तरुणीचा चेहरा त्याने समोर ठेवला. देवतेच्या डोक्यावर गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बोंडे आहेत. मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये हे नाणे पडले. एवढे जड नाणे खिशात बाळगायला लोक नाखूश होते. म्हणून कोट्यवधी डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत, तिजोऱ्यांत पडून राहिले. आज आपल्याला कोरी करकरीत नाणी मिळतात ती यामुळेच.

टाकसाळीची खूण वाचा

नाणे हाती आले की साल पाहून थांबू नका, ते उलटा. गरुडाखाली पानांचा हार आहे. त्याच्या गाठीखाली, 'डॉलर' या शब्दाच्या वर, बारीक अक्षर असते. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'सीसी' म्हणजे नेवाडातले कार्सन सिटी आणि 'डी' म्हणजे डेन्व्हर. जुन्या नाण्यांत हे शेवटचे फक्त १९२१ च्या नाण्यांवर येते. अक्षर नसेल तर नाणे फिलाडेल्फियाचे.

एका अक्षराने किंमत किती बदलते ते पाहा. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाने ३,७८,००० डॉलर पाडले, सॅन फ्रान्सिस्कोने फक्त १,००,०००. मॉर्गन संग्राहक ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवतात ते नाणे म्हणजे हे १८९३-एस. १८९५ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्याची कथा आणखी निराळी आहे. कागदोपत्री १२,००० साधी नाणी पडली म्हणतात, पण त्यांतले एकही आज कुणाच्या हाती नाही. उरली आहेत ती संग्राहकांसाठी खास घासूनपुसून घेतलेल्या साच्यांनी पाडलेल्या ८८० प्रूफ नाण्यांपैकीच. इथे हेही लक्षात ठेवा, की प्रूफ हा नाणे पाडण्याचा प्रकार आहे, अवस्थेचा दर्जा नव्हे. वापरून झिजलेले प्रूफ हेही प्रूफच.

पाडल्याचा आकडा किती फसवतो, याचे उत्तम उदाहरण १९०३-ओ. न्यू ऑर्लिन्सने ही ४४,५०,००० नाणी पाडली, पण कोरे नाणे कुठे दिसेना. सगळी १९१८ च्या भट्टीत गेली असा समज होता आणि कोऱ्या नाण्याचा भाव सूचीत दीड हजार डॉलर होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून या नाण्यांच्या बंद थैल्या निघाल्या आणि भाव थेट कोसळला. उलट, १८८५ चे कार्सन सिटीचे डॉलर पडले अवघे २,२८,०००, पण त्यांपैकी सुमारे १ लाख ४८ हजार थैल्यांतच राहिले. १९७० च्या दशकात सरकारने ते संग्राहकांना विकले. म्हणून हे नाणे कमी पडलेले असूनही कोऱ्या अवस्थेत सहज दिसते.

आधी खरे-खोटे

ग्रेड ठरवण्याआधी नाणे खरे आहे याची खात्री हवी. अस्सल मॉर्गन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर. दहा भागांत नऊ भाग चांदी, एक भाग तांबे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्यावर बहुतेक खोटी नाणी पकडली जातात. लोहचुंबकाला चिकटले तर विषय संपला. ओतीव बनावट नाण्यावर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात, कडेवर जोडाची रेघ दिसते आणि कडेच्या खाचा बोथट असतात.

आपल्याकडे बंदा रुपया दगडावर वाजवून घेत. खणखणीत नाणे हा शब्दप्रयोग तिथूनच आला. संग्रहातल्या नाण्यावर मात्र ही परीक्षा करू नका. कडेवर पडलेला एक ठोका कायमचा असतो.

अस्सल नाण्यात फेरफार करूनही फसवतात. १८९३ च्या साध्या नाण्याला वेगळा 'एस' चिकटवतात. पण सगळी अस्सल १८९३-एस नाणी दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून पडली. देवतेच्या माथ्यावरच्या पट्टीत 'लिबर्टी' शब्द आहे. त्यातल्या 'टी'च्या आडव्या दांडीवर त्या साच्याची एक बारीक तिरपी उठावदार रेघ असते. ती नसेल तर नाणे परत करा.

नाणे कसे पाहावे

टेबलावर मऊ कापड पसरा. खोलीतले इतर दिवे मालवून एकच दिवा नाण्यापासून हातभर अंतरावर ठेवा. नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा. बोटाचा घाम चांदीवर उतरला की काही महिन्यांनी तिथे ठसा उमटतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा, मग पाच ते सात पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून. नाणे हळूहळू कलते करा आणि फिरवा.

कोऱ्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे फिरताना दिसतील. साच्याच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यांवरून उजेड असा परततो. हे नाण्याचे मूळ तेज. एकदा गेले की कोणत्याही उपायाने ते परत येत नाही.

आता उंच भाग पाहा. झीज सर्वांत आधी तिथेच दिसते. दर्शनी बाजूला कानावरचे आणि कपाळावरचे केस आणि कापसाची बोंडे. मागे गरुडाची छाती आणि पंखांची टोके. हे भाग सपाट दिसले तर दोन शक्यता असतात. एक, नाणे वापरात झिजले. दोन, पाडतानाच दाब कमी पडला. न्यू ऑर्लिन्सच्या अनेक नाण्यांत दुसरे कारण असते. फरक उजेड सांगतो. दाब कमी पडलेल्या सपाट भागावरूनही तेजाचे पट्टे न तुटता जातात. झिजलेल्या भागावर ते तुटतात आणि तिथे मंद राखाडी रंग दिसतो. नवशिक्याने याच एका गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा.

एक ते सत्तर

ग्रेडची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बनवली. सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची सत्तर, असा तिच्यामागचा हिशेब. किमतींचे ते प्रमाण फार काळ टिकले नाही, पण मोजपट्टी राहिली आणि पुढे सर्वच अमेरिकी नाण्यांना लागू झाली.

मॉर्गन डॉलरपुरते पाहू. चौथ्या ग्रेडला नुसती बाह्याकृती उरते. १२ ला चेहऱ्यालगतचे केस ओळखू येतात, पण पंखांतली पिसे एकमेकांत मिसळलेली असतात. २० ला केसांच्या बऱ्याचशा बटा दिसतात आणि कान स्पष्ट असतो, तरी गरुडाची छाती झिजलेली असते. ४० ला सगळ्या बटा ठळक असतात, झीज फक्त उंच टोकांवर. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेले नाणे. बरेचसे तेज शाबूत, फक्त कानावर आणि छातीवर घासल्याची छाया.

६० पासून कोऱ्या नाण्यांची, म्हणजे एमएस पायरी सुरू होते. इथे झीज मुळीच नसते, मग फरक कशाने? थैलीत हजार नाणी, म्हणजे पावणेसत्तावीस किलो चांदी. ती थैली उचलली, आपटली, मोजली की नाणी एकमेकांवर घासून ओरखडे पडत. देवतेचा गाल मोठा आणि मोकळा आहे, म्हणून ओरखडा तिथे आधी डोळ्यांत भरतो. एमएस-६० च्या नाण्याचा गाल ओरखड्यांनी भरलेला असतो. ६३ ला ते मध्यम असतात. ६५ ला थोडे आणि मोक्याच्या जागा सोडून. ६७ ला शोधावे लागतात. त्याच्या जोडीला दाब, तेज आणि एकूण रूप पाहतात.

या काही आकड्यांचा अर्थ १८८४-एस पाहिले की कळतो. ही नाणी ३२,००,००० पडली. झिजलेले नाणे आजही सहज आणि स्वस्तात मिळते. कोरे मात्र अतिदुर्मीळ, कारण या नाण्याच्या थैल्या तिजोरीत उरल्याच नाहीत, नाणी वापरात गेली. उलट, १८८१-एस मुबलक उरले, आणि तेही सुरेख पडलेले. पहिले कोरे नाणे घ्यायचे तर तेच घ्यावे.

घासण्याचे नुकसान

चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाने. वर्षानुवर्षे कागदात किंवा कापडी थैलीत राहिलेल्या नाण्यावर हा थर पातळ आणि सलग चढतो आणि सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटा दिसतात. संग्राहक या रंगांसाठी जास्त पैसे मोजतात. सणाआधी घरची चांदी राख, चिंच किंवा पावडरीने लखलखीत करायची आपली सवय भांड्यांना ठीक आहे, नाण्याला घातक. घासण्याने मूळ तेजाच्या सूक्ष्म रेषा खरवडल्या जातात. त्यांच्या जागी एका दिशेच्या केसासारख्या रेघा उमटतात. असे नाणे नुसत्या डोळ्यांना चमकदार दिसते, पण भिंगाखाली त्याचे बिंग फुटते. ग्रेडिंग संस्था त्याला आकडा देत नाहीत, फक्त 'घासलेले' असा शेरा मारतात आणि किंमत पार खाली येते.

नाणी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. कडक, निर्मळ डबी घ्या आणि कोरडी जागा निवडा.

सील केलेले नाणे

अमेरिकेत पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. त्या नाणे तपासतात, ग्रेड ठरवतात आणि कडक पारदर्शक डबीत सील करून देतात. त्यामुळे अनोळखी विक्रेत्याकडून दुरून घेणेही सोपे झाले. महागडे नाणे असल्या डबीशिवाय घेऊ नये. पण डबीही बनावट असते, म्हणून तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहा. ग्रेड म्हणजे अनुभवी डोळ्यांचे मत. एकाच एमएस-६४ च्या दोन नाण्यांत एक देखणे आणि एक निस्तेज असू शकते. निवड तुमच्याच डोळ्यांनी करायची आहे.

सुरुवात करायची असेल तर आधी पुस्तक घ्या, मग नाणे. 'रेड बुक' नावाने ओळखली जाणारी अमेरिकी नाण्यांची वार्षिक सूची १९४६ पासून निघते आहे. मग एक साधे, झिजलेले नाणे आणि एक कोरे नाणे शेजारी ठेवून महिनाभर रोज दिव्याखाली पाहा. दोघांतला फरक न पाहता सांगता येईल, तेव्हा तिसरे घ्या.

आणि येत्या दिवाळीत घरातला जुना रुपया तबकात निघेल, तेव्हा राखेचा हात त्याला लावू नका. समुद्रापलीकडच्या कुठल्या डॉलरची चांदी त्याच्यात आहे ते कळणार नाही, पण तो जसा उरला आहे तसाच पुढच्या पिढीच्या हाती देता येईल.