वेदनेचा रोजमेळ

मेंदूच्या आवरणातून वाढलेली मेनिन्जिओमाची गाठ शस्त्रक्रियेने निघाली आणि अठ्ठावन्न वर्षांचे एक कापड व्यापारी नवव्या दिवशी घरी परतले. चातुर्मास सुरू होता. सुखसाता विचारण्यासाठी आप्तेष्टांची रीघ लागली. प्रत्येकाला एकच उत्तर मिळे, ‘साता आहे.’ पहाटे मात्र ते दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसलेले असत. गोळी घेतली तर चौविहार मोडेल आणि मुलांना सांगितले तर पुन्हा रुग्णालय, या भीतीने ते गप्प राहत.

हे मौन अनेक घरांत आढळते. मेंदूला स्वतःला वेदनेची संवेदना नसते. डोकेदुखी होते ती कापलेली त्वचा, स्नायू आणि मेंदूवरील आवरण यांमुळे. जखम भरताना काही आठवडे डोके दुखणे स्वाभाविक असते आणि ते हळूहळू कमी व्हावे, अशी अपेक्षा असते. छेद कानशिलाजवळ असेल तर चावतानाही दुखते. अशा वेळी मऊ खिचडी, दलिया, मुगाचे पातळ वरण सोसते. उशाला उंची द्यावी. खाली वाकल्याने डोक्यातील दाब वाढतो, म्हणून वंदना बसून, हात जोडून करावी. काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्यानेही दाब वाढतो. त्यासाठी दिवसा पुरेसे पाणी आणि चोथायुक्त आहार हवा.

त्या घरातील सुनेने एक वही घातली. दुकानात रोजमेळ लिहावा तशी रोजची नोंद सुरू झाली : वेळ, दुखण्याची जागा, शून्य ते दहापैकी तीव्रता, घेतलेले औषध आणि आराम पडण्यास लागलेला अवधी. सहाव्या दिवशी पाने उलटताना दोन गोष्टी उघड झाल्या. पाहुण्यांची वर्दळ झाली की संध्याकाळी दुखणे वाढे. शिवाय, सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनची मात्रा कमी केल्यापासून पहाटेचा आकडा ४ वरून ७ वर गेला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता, थोडी सूज शिल्लक होती. मात्रा अधिक सावकाश उतरवण्याचे ठरले. हे औषध मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती त्या काळात मंदावलेली असते.

चौविहाराचा प्रश्नही सुटला. डेक्सामेथासोन अन्नासोबत घ्यायचे असते आणि रात्री घेतल्यास झोप उडते. त्यामुळे त्याच्या वेळा नवकारसीनंतर व सूर्यास्तापूर्वी बसवता आल्या. फेफरे टाळण्याच्या गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांनीच ठरवून दिल्या. त्यांपैकी एकही चुकवता येत नाही. रात्री वेदनाशामक लागलेच तर काय, हे मुलाने महाराजसाहेबांना विचारले. पच्चक्खाणात ‘सव्वसमाहिवत्तिय’ हा आगार आहेच, याची त्यांनी आठवण करून दिली. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची ती मोकळीक आहे. रोग हा बावीस परीषहांपैकी एक खरा. परंतु वेदनेचेच अखंड चिंतन हे आर्तध्यानाच्या चार प्रकारांत मोडते. उपचार नाकारून ते ओढवून घेण्यात तप कसले?

उलट टोकही टाळावे. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा तीन महिन्यांहून अधिक काळ, दरमहा १५ किंवा अधिक दिवस घेतली तर तिच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

काही लक्षणे मात्र वहीत लिहून थांबण्याजोगी नसतात. दुखणे अचानक किंवा सतत वाढत जाणे, वारंवार उलट्या, गुंगी, ताप, मान आखडणे, जखमेतून वा नाकातून पाण्यासारखा स्राव, फेफरे, हातापायांतील नवी अशक्तता, बोलण्यातील वा दृष्टीतील बदल यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

त्या घरी आता पाहुण्यांसाठी दुपारी अर्धा तास ठरला आहे. पहाटेचा आकडा २ वर आला आहे. सकाळी सून वही उघडते तेव्हा गृहस्थ आकडा स्वतःहून सांगतात. हिशेब खरा लिहिण्याची सवय त्यांना दुकानात चाळीस वर्षे होतीच.