डोंगरमाथ्यावरच्या फुलांचा हिशेब आणि आपल्या लेकी



एरवी आपण हप्ते, शेळ्या, शेवया-पापड यांवर बोलतो. आज जरा वेगळं बोलू. आता आपल्या गटांतल्या घरांतूनही मुली एमएस्सी, पीएचडीपर्यंत पोचायला लागल्या आहेत. मग बैठकीत एखादी आई विचारते, “पीएचडी झाली, आता डोंगरावरच्या झाडांवर पोस्टडॉक करायचं म्हणते. म्हणजे अजून शिकायचंच का? नोकरी कधी करणार?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी आपल्याला नीट समजायला हवं, कारण मुलीला पाठवायचं की थांबवायचं हे त्यावरच ठरतं.

पोस्टडॉक म्हणजे शाळा-कॉलेजातलं शिक्षण नाही. पीएचडी पूर्ण झालेल्या माणसाला संशोधनासाठी ठरावीक मुदतीचं काम मिळतं, बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचं. त्याचे दरमहा पैसे मिळतात, त्याला फेलोशिप म्हणतात. त्यात परीक्षा नसते. एक प्रश्न घ्यायचा, त्याच्या मागे लागायचं, जे सापडलं ते लिहून जगापुढे मांडायचं. पुढे प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून कायमची जागा मिळवायची तर हा अनुभव कामी येतो.

आता डोंगरावरच्या झाडांचा कसला अभ्यास? बायांनो, खुरपायला बसलो की आपण तेच पाहत असतो. लव्हाळा दिसला की आपण म्हणतो, इथं ओल आहे. हराळीनं बांध धरला की ती दुसऱ्याला उगवू देत नाही. एखादं नाजूक रोप झुडपाच्या आडोशालाच टिकतं. कोण कोणाच्या शेजारी राहतं, कोण कोणाची जागा खातं, कोण कोणाला सावली देतं, हा वनस्पतींच्या समाजाचा अभ्यास. शास्त्रज्ञ तो मोजून-मापून करतात, एवढाच फरक.

हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंच झाडं संपतात. त्याच्या वर फक्त गवत, फुलं आणि जमिनीला चिकटून वाढणारी झुडपं. उत्तराखंडात या कुरणांना बुग्याल म्हणतात. आपल्या सह्याद्रीचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे तेवढ्या उंचीची कुरणं आपल्याकडे नाहीत. पण झाडं वाढू शकत नाहीत असे सपाट डोंगरमाथे आपल्याकडेही आहेत. तिथं थंडीमुळे नाही, तर खडकावर मातीचा थर पातळ असल्यामुळे झाडं मोठी होत नाहीत. आपल्याहून फलटणमार्गे साताऱ्याला गेलं की पुढे कास पठार लागतं, ते असंच. उंची सुमारे १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे.

पावसाळ्यात कासच्या खडकावर गेंद, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू अशी किती तरी फुलं येतात. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात, त्यात किडे अडकतात. सीतेच्या आसवांना खाली बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले बारीक जीव सापडतात. का? मातीत खत नाही, म्हणून ही रोपं किड्यांतून नत्र घेतात. आपण शेतात युरिया टाकतो, तिनं आपली सोय आपणच केली!

अशा ठिकाणी संशोधक करतात काय? एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट जमिनीवर ठेवतात. आत कोणकोणती रोपं आहेत, कुणी किती जागा व्यापली, हे लिहितात. मातीत छोटे तापमापक पुरतात. पुन्हा त्याच जागी येऊन मोजतात. उंच डोंगरांवर काही ठिकाणी रोपांभोवती वरून उघडं पारदर्शक कडं लावतात. आत किंचित जास्त ऊब राहते, मग उद्या हवा तापली तर काय होईल ते आजच दिसतं.

एवढं मोजून मिळतं काय? युरोपातल्या ३०२ शिखरांच्या १४५ वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिखरांवरच्या वनस्पतींचे प्रकार वाढले होते, आणि अलीकडे तर झपाट्यानं. ऐकायला चांगलं वाटतं. पण खालची रोपं ऊब वाढली म्हणून वर चढताहेत. जी आधीच टोकावर राहतात, त्यांनी कुठं जायचं? कुणी तरी जुन्या नोंदी नीट लिहून ठेवल्या होत्या, म्हणून हे कळलं.

कासमध्ये तर प्रश्न अगदी आपल्या ओळखीचा आहे. फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली. पुढे गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले की गवत उंच वाढतंय आणि फुलांना जागा राहत नाही. अखेर कुंपण काढलं गेलं. आपल्या धनगर बांधवांना हे नवीन नाही. रोज एकाच माळावर मेंढरं घातली तर माळ उजाड होतो, मुळीच नाही घातली तर कुसळ माजतं. मग किती गुरं, कोणत्या महिन्यात, किती दिवस? हे अंदाजानं ठरत नाही. कुणी तरी तीन-चार पावसाळे चिखलात बसून मोजावं लागतं. ते काम म्हणजे अशी पोस्टडॉकची जागा.

आता मुलीच्या वाटेबद्दल. बारावी विज्ञान, मग वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी, एमएस्सी, मग पीएचडी. नेट परीक्षेत फेलोशिपसाठी निवड झाली तर पीएचडी करतानाही पैसे मिळतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. ती १९४६ साली सुरू झाली, आणि सह्याद्रीच्या पठारांवरच्या वनस्पतींचा अभ्यास तिथं होतो. लग्न, बाळंतपण यामुळे कामात खंड पडला असेल तरी वाट बंद होत नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण ही योजना महिलांसाठीच आहे. तिच्यात पीएचडीसाठी आणि पोस्टडॉकसाठी वेगवेगळ्या फेलोशिप आहेत.

पण सगळं गोडगोड सांगणार नाही. मुदत संपली की पुन्हा अर्ज करावे लागतात. फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात. डोंगरावर दिवसचे दिवस राहावं लागतं. म्हणून मुलीला “कशाला जातेस?” विचारण्याऐवजी हे विचारा: जागा किती वर्षांची? दरमहा किती मिळणार? रानात सोबत कोण, मुक्काम कुठं? दुखलं-खुपलं तर दवाखाना किती लांब? तक्रार करायची वेळ आली तर अंतर्गत समिती आहे का? २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी ती हवीच. या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर तिशीतल्या मुलीला “वय निघून चाललं” म्हणून मागं ओढू नका. ती रिकामी बसलेली नाही, ती कामावर आहे.

आणि एक काम आपल्यासाठी. पहिला चांगला पाऊस झाला की गटातल्या शाळकरी मुलींना घेऊन गायरानात जा. चार काठ्या बांधून एक मीटरची चौकट करा. आत काय काय उगवलंय ते वहीत लिहा, नाव येत नसेल तर पान डकवा. वयस्कर बायांना विचारा, त्यांना नावं आणि उपयोग दोन्ही माहीत असतात. तारीख टाका, जागेला खूण करा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच पुन्हा मोजा. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ही वही ठेवायला काही खर्च नाही.

पुढच्या बैठकीत या विषयावर जरूर बोला.