डेस्कटॉपची स्वतःची थीम : शिकायला सोपी, मुलांसाठी चांगला हुनर

घरात कॉम्प्युटर असला की मुलं पहिल्यांदा वॉलपेपर बदलतात. थोडी मोठी झाली की तयार थीम डाउनलोड करतात. पण थीम स्वतः बनवताही येते, आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असावं लागत नाही.

आधी थीम म्हणजे काय ते पाहू. वॉलपेपर हे फक्त मागचं चित्र. खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, बटणं यांचे रंग आणि आकार ठरवते ती थीम. विंडोजमध्ये रंग आणि वॉलपेपर सहज बदलतात, पण त्याच्या खोल जायचं तर सिस्टीमच्या फाइलींना हात लावावा लागतो. ते करू नका. शिकण्यासाठी लिनक्स मिंट बरं. ते मोफत आहे आणि त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपची थीम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. ती भाषा सीएसएस. वेबसाइटचं रूपही याच भाषेत लिहितात, म्हणजे इथे केलेली मेहनत पुढेही उपयोगी पडते.

कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. आधी तयार थीमची नक्कल घ्या. फाइल सिस्टीममध्ये 'यूएसआर', त्यात 'शेअर', त्यात 'थीम्स' असं फोल्डर आहे. तिथलं 'मिंट-वाय-डार्क' कॉपी करा. मग आपल्या होम फोल्डरमध्ये या. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डर दिसतात. त्यात नावाआधी टिंब असलेलं 'थीम्स' फोल्डर शोधा, नसेल तर तयार करा. कॉपी तिथे ठेवून तिला नवीन नाव द्या. ही सगळी नावं इंग्रजीत असतात. मूळ थीम जागेवरच राहते, त्यामुळे काही बिघडलं तरी सेटिंग्जमध्ये जाऊन परत तीच निवडता येते.

आता आपल्या कॉपीतलं 'सिनॅमन' फोल्डर उघडा. आतली सीएसएस फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये घ्या आणि 'पॅनल' हा शब्द शोधा. पॅनल म्हणजे खालची पट्टी. तिथे बॅकग्राउंड-कलर समोर रंगाचा कोड दिसेल. कोडात सहा जागा असतात : पहिल्या दोन लाल, मधल्या दोन हिरवा, शेवटच्या दोन निळा. उदाहरणार्थ #००६६०० म्हणजे गडद हिरवा. टाइप करताना मात्र इंग्रजी अंक वापरा. फाइल सेव्ह करा आणि सेटिंग्जमधल्या थीम्समध्ये डेस्कटॉपसाठी आपली थीम निवडा. एका वेळी एकच बदल करा. दहा बदल एकदम केले तर नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. आणि महिरपी कंस बंद करायला विसरू नका.

खरी कसोटी यापुढे आहे. थीम सुंदर दिसते, पण घरातल्या दादी-नानांना वाचता येते का? अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक आकड्यात मोजता येतो. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत साध्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ सांगितलं आहे. वरच्या गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं ७ च्या पुढे जातात. तीच पांढरी अक्षरं #९९९९९९ या राखाडीवर ३ च्याही खाली येतात, म्हणजे नापास. हे मोजणारी मोफत साधनं इंटरनेटवर मिळतात. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून चालू-बंद दाखवायला नुसत्या रंगावर अवलंबून राहू नका.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. उर्दूची नस्तालीक अक्षरं तिरकी खाली उतरतात, मराठीत वर-खाली मात्रा, उकार असतात. इंग्रजीपुरती मोजलेली अरुंद पट्टी ही अक्षरं कापते. थोडी मोकळी जागा ठेवा आणि तिन्ही लिपींत तपासून बघा.

शेवटी हक्काची गोष्ट. मिंट-वाय स्वतः 'आर्क' नावाच्या जुन्या थीमवरून बनली आहे. अशा थीमचं लायसन्स बदल करायची आणि वाटायची मोकळीक देतं, पण मूळ कर्त्याचं नाव आणि लायसन्सची फाइल काढू नये. मुलांना ही सवय पहिल्या थीमपासूनच लावा.

या सुट्टीत मुलांना एवढंच काम द्या : एक रंग बदला, आणि दादींना वाचून दाखवायला सांगा.