क्लिकचे पैसे आपल्या खिशातून जातात: ॲफिलिएट जाहिरात लिहिण्याआधी हे समजून घ्या

घरबसल्या कमाईचे जे मार्ग आज तरुण मुलामुलींना सांगितले जातात, त्यात ॲफिलिएट मार्केटिंग हे नाव हमखास असतं. साध्या भाषेत ही दलाली आहे. दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा. आपल्या लिंकवरून गिऱ्हाईक गेलं आणि त्यानं खरेदी केली, तर आपल्याला कमिशन. अमेझॉन १९९६ पासून ही पद्धत चालवते. इथपर्यंत जोखीम फारशी नाही. खिशाला कात्री लागते ती गिऱ्हाईक लवकर यावं म्हणून गुगलवर जाहिरात दिली की.

गुगलवर काही शोधलं तर वरच्या काही निकालांवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं दिसतं. त्या जाहिराती. कोणी त्यावर बोट ठेवलं की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. माणूस खरेदी करो वा न करो. म्हणजे खर्च प्रत्येक क्लिकचा आणि कमाई फक्त विक्रीची. हा फरक लक्षात ठेवला तर जाहिरात कशी लिहायची हे आपोआप कळतं.

आधी वहीत हिशेब मांडा

समजा, ४,००० रुपयांच्या मिक्सरवर ५ टक्के कमिशन आहे. एका विक्रीमागे मिळाले २०० रुपये. एक क्लिक ६ रुपयांना पडतो. १०० जण आले, दोघांनी घेतला. कमाई ४०० रुपये. खर्च ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८. घरातून ३०८ रुपये गेले.

आता जाहिरात अशी लिहिली की निव्वळ बघे आलेच नाहीत. क्लिक ५०, घेणारे तेच दोघे. खर्च ३५४, कमाई ४००. थोडे का होईना, ४६ रुपये उरले. दुकान तेच, माल तोच, बदलले ते फक्त शब्द. गिऱ्हाइकानं माल परत केला तर कमिशनही जातं, हेही हिशेबात धरा.

शब्द निवडताना

पहिली गाळणी शोधशब्दांची. नुसत्या ‘मिक्सर’ या शब्दावर जाहिरात लावली तर दुरुस्तीवाला शोधणारा येतो, जुना मिक्सर विकणारा येतो, कंपनीचा फोन नंबर हवा असणाराही येतो. त्याऐवजी ‘७५० वॅट मिक्सर किंमत’ किंवा ‘शामी कबाब वाटण्यासाठी मिक्सर’ असं शोधणारा माणूस खरेदीच्या जवळ पोचलेला असतो. शिवाय गुगल ॲड्समध्ये नको असलेल्या शब्दांची वेगळी यादी देता येते. ‘दुरुस्ती’, ‘जुना’, ‘फुकट’, ‘कस्टमर केअर’ हे शब्द पहिल्याच दिवशी त्यात टाका.

दुसरी गाळणी खुद्द जाहिरातीची. एका जाहिरातीसाठी १५ पर्यंत मथळे देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरचिन्हांचे. आणि ४ वर्णनं, प्रत्येकी ९० चिन्हांची. गुगल त्यांतले एका वेळी जास्तीत जास्त ३ मथळे आणि २ वर्णनं जोडून दाखवतं. म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे.

‘सर्वोत्तम मिक्सर, आजच पाहा’ ही ओळ सगळ्यांना बोलावते, पण सांगत काहीच नाही. त्याऐवजी असं लिहून बघा:

मथळा: ७५० वॅट मिक्सर, ₹४,००० च्या आत
मथळा: पाच मिक्सरची तुलना वाचा
वर्णन: शामी कबाब, ओला मसाला, इडलीचे पीठ: कोणता मिक्सर कशाला चालतो, किंमत, सर्व्हिस.

इथे किंमत आधीच सांगितली आहे. ज्याचं बजेट दीड हजार आहे तो क्लिक करणार नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे. मात्र गाळणी इतकीही बारीक नको की कोणीच येणार नाही. जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी तिचा मेळ आणि पुढच्या पानाचा दर्जा हे तिन्ही गुगल तपासतं. त्यात कमी पडलात तर तीच जागा महाग पडते. म्हणून माणसानं जे शब्द शोधले, तेच मथळ्यात दिसू द्या.

पुढचं पान आणि नियम

जाहिरातीत पाच मिक्सरची तुलना म्हटलं, तर पानावर पाच मिक्सर हवेतच. केवळ दुसरीकडे ढकलण्यासाठी बनवलेलं रिकामं पान गुगल नाकारतं. अमेझॉनच्या नियमांत शोध-जाहिरातीवरून गिऱ्हाईक थेट त्यांच्या साइटवर पाठवायला मनाई आहे, ‘अमेझॉन’ या नावावर बोली लावायलाही. आपलं स्वतःचं, माहिती देणारं पान मध्ये लागतं, आणि खरेदी झाली तर आपल्याला कमिशन मिळतं हे त्यावर स्पष्ट लिहावं लागतं. दुसऱ्या कंपनीचं काम घेतलं तर तिचे नियम आधी वाचा. नियम मोडला तर कमिशन अडकतं. जाहिरातीचा खर्च मात्र होऊन गेलेला असतो.

रोजची मर्यादा १०० रुपये ठेवली तरी गुगल एखाद्या दिवशी २०० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याला मात्र ३,०४० च्या वर घेत नाही. यावर जीएसटी वेगळा. त्यामुळे घरखर्चाचं कार्ड या खात्याला जोडू नका. मुलांनी हे काम सुरू केलं असेल तर पालकांनी कमिशनचा आकडा विचारण्याआधी तीन आकडे विचारावेत: क्लिक किती झाले, एक क्लिक केवढ्याला पडला, आणि शंभरातून किती जणांनी घेतलं? ही उत्तरं वहीत नसतील, तर जाहिरात त्याच दिवशी थांबवा.