स्थिर विद्युत् विलगीकरण

स्थिर विद्युत् विलगीकरण : मिश्र कणमय पदार्थांतील घटक त्यांच्या पृष्ठभागाची विद्युत् संवाहकता किंवा विद्युत् भार धारण करण्याची प्रवृत्ती यांतील फरकानुसार वेगळे करण्याची क्रिया. किनाऱ्यावरील जड खनिजांची वाळू, खाणीतील टाकाऊ चुरा, जुन्या केबलींचे तुकडे व मिश्र प्लॅस्टिक यांसाठी ती वापरतात.

तत्त्व : जमिनीशी जोडलेल्या, फिरत्या धातूच्या रुळावर कोरड्या कणांचा पातळ थर सोडतात. समोरील बारीक तारेस सु. २०,००० ते ४०,००० व्होल्ट दाब दिला म्हणजे भोवतालच्या हवेचे आयनीभवन होऊन कणांवर भार बसतो. इल्मेनाइट, रूटाइल यांसारखे संवाहक कण तो भार तत्काळ रुळास देतात व पुढे फेकले जातात. क्वॉर्ट्झ, झिर्कॉन यांसारखे निरोधक कण भार टिकवून धरल्यामुळे रुळास चिकटून राहतात व मागील बाजूस कुंचल्याने काढले जातात.

रत्नागिरीची वाळू : दख्खनच्या बेसाल्टाच्या झिजेतून आलेले इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आढळते. गोव्याच्या राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेने १९७०–८० या दशकात काळबादेवी, मिऱ्या व रत्नागिरी येथील उपसागरांत त्याचे सर्वेक्षण केले. या वाळूत मॅग्नेटाइट, क्वॉर्ट्झ व शिंपल्यांचे तुकडेही असतात. मॅग्नेटाइटही संवाहक असल्याने या पद्धतीने ते इल्मेनाइटापासून वेगळे होत नाही. ते आधी दुर्बल चुंबकाने काढावे लागते.

विश्वसनीयता : फलप्राप्ती कमी झाल्यास विद्युत् दाब वाढविणे हा उपाय नेहमीच उपयोगी पडत नाही, ठिणग्या पडून काम उलट बिघडते. दोषाचे मूळ बहुधा कणांच्या पृष्ठभागात असते. क्वॉर्ट्झावर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसला, तर तेही संवाहकासारखे वागते. समुद्राच्या वाळूवरील मीठ ओलावा शोषून घेते, म्हणून ती गोड्या पाण्याने धुऊन वाळवितात व सु. १०० से. तापमानास गरम असतानाच रुळावर सोडतात. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असलेल्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

कणांचे आकारमानही महत्त्वाचे असते. भार पृष्ठफळानुसार, तर वजन घनफळानुसार वाढते. त्यामुळे मोठे निरोधक कण सुटून संवाहकांत पडतात आणि अतिसूक्ष्म संवाहक कण निरोधकांबरोबर मागे जातात. म्हणून चाळून एकसारख्या आकारमानाचे गट करणे, धूळ काढणे, थर एका कणाइतका पातळ ठेवणे व मधला संमिश्र भाग पुन्हा यंत्रातून नेणे हे उपाय योजतात.

टाकाऊ पदार्थ : केबलींच्या चुऱ्यातील तांबे वरील रीतीनेच प्लॅस्टिकपासून वेगळे होते. दोन्ही घटक निरोधक असल्यास मात्र घर्षणाने भार निर्माण करतात. पीव्हीसी व पीईटी यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने ती पाण्यात तरंगवून वेगळी करता येत नाहीत. परंतु परस्परांवर घासली असता पीव्हीसी ऋण व पीईटी धन भारित होते आणि विद्युत् क्षेत्रातून पडताना दोन्ही विरुद्ध दिशांना वळतात. पीईटी वितळविताना त्यात थोडे जरी पीव्हीसी राहिले, तरी त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडून सर्व माल खराब होतो. त्यामुळे येथेही तुकडे स्वच्छ व कोरडे असणे आणि हवेतील आर्द्रता नियंत्रित ठेवणे यांवरच पद्धतीचे यश अवलंबून असते.