जुना स्टिअरिंग रॅक मधेच का झिजतो?

मारुती ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण सोलापुरात ती अजूनही दिसते. अशा छोट्या गाडीचं स्टिअरिंग खडखडू लागलं की खर्च वाचवायला भंगारातल्या गाडीचा रॅक शोधला जातो.

रॅक म्हणजे दाते पाडलेला पोलादी दांडा. स्टिअरिंग फिरवलं की पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक या दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं आणि टाय रॉडमार्फत पुढची चाकं वळतात.

पुणे हायवेवर गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. त्यामुळे देवळाच्या दगडी पायरीसारखे रॅकचे मधलेच दाते झिजतात, टोकाचे जवळपास कोरे राहतात. ॲडजस्टिंग नट आवळून मधला ढिलेपणा लपवता येतो. पण मग टोकाच्या न झिजलेल्या दात्यांवर रॅक अडकतो, वळणानंतर स्टिअरिंग नीट परत येत नाही. हे फार धोक्याचं. म्हणून पिनियन हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्ये सैल, टोकाला घट्ट लागला तर घेऊ नका. रबरी बूट मागे सारून गंजही पाहा.

मॉडेल तेच असलं तरी साध्या आणि पॉवर स्टिअरिंगचा रॅक वेगळा असू शकतो. आपला काढलेला रॅक सोबत न्या. लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पिनियनवरच्या खाचा आणि एकूण फेरे जुळवा.

टाय रॉड एंड मात्र नवेच घाला आणि रॅक बसवल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका.